मधल्या थराची नोंद

अहिल्यानगर, ११ ऑगस्ट २०२५

प्रिय सुरेखा,

नऊ महिने तुला उत्तर लिहिलं नाही, त्याबद्दल आधी माफी मागते. तुझं दिवाळीचं पत्र अजून माझ्या खणात आहे. ‘कामाचा रेटा होता’ असं इथे लिहिलं होतं, पण खोडलं, कारण कामाचा रेटा दरवर्षीच असतो. तूर्त एवढंच, की लिहायचं राहिलं.

आज लिहिते आहे कारण दुपारी प्रयोगशाळेत तुमच्या कंपनीचा डबा आला आणि पाठवणाऱ्याच्या जागी तुझी सही दिसली. आमच्याकडे आठवड्याला शंभरेक नमुने येतात. सळ्या, नट-बोल्ट, ओतीव भाग. मशीनमध्ये धरायचे, तुटेपर्यंत ओढायचे, आकडा लिहायचा. सोळा वर्षं हेच करते आहे. तुझ्याकडून काही ओढायला येईल असं वाटलं नव्हतं.

ठोकळा पाहिला. वितीएवढा आहे. कागदावर लिहिलंय, खालचं टोक मऊ स्टेनलेस पोलाद, वरचं टोक कठीण मिश्रधातू, आणि मधे एकातून दुसऱ्यात हळूहळू बदल. आमच्या मशीनवरचे सहादेव तो उलटासुलटा करून बघत होते. म्हणाले, “म्याडम, दोन धातू म्हनतेत, मग जोड कुठं हाय ह्याला?” मी म्हटलं, जोड नाही हीच तर गंमत आहे.

नमुने कुठून आणि कसे कापायचे ते कळव. फोनही करता येईल, पण फोनवर आपण दोघी फार गोड बोलतो. पत्रात जरा कमी.

पुरस्काराबद्दल अभिनंदन. उशिराने.

शोभा

---

भोसरी, १५ ऑगस्ट

शोभे,

नऊ महिन्यांनी एक पान! आणि त्यात अभिनंदन शेवटच्या ओळीत, भाजीत मीठ विसरल्यावर वरून टाकावं तसं. चालंल. आलं हेच लई झालं. दिवाळीच्या पत्रासोबत वर्तमानपत्रातलं माझ्या मुलाखतीचं कात्रण धाडलं होतं, ते वाचलंस का? काही बोलली नाहीस.

आता कामाचं. आमचं मशीन धातूची भुकटी सोडतं, लेसर ती वितळवतो, आणि थरावर थर चढत जातो. खाली पोलादाची भुकटी शंभर टक्के. वर जाताना ती कमी करत न्यायची, कठीण मिश्रधातूची वाढवत न्यायची. ह्याच पद्धतीने आम्ही साखर कारखान्याच्या श्रेडरचे हातोडे केलेत. उसाच्या कांड्या चरकात जायच्या आधी जे चेचतात, ते. टोक कठीण हवं, नाहीतर महिन्यात झिजतं. दांडा चिवट हवा, नाहीतर मोडतो. आतापर्यंत टोकाला कठीण धातूचा थर वेल्डिंगने देतात आणि तो हंगामात दोनदा उडतो. आपला उडणार नाही, कारण जोडच नाही.

पहिले चार हातोडे आपल्याच जिल्ह्यातल्या एका कारखान्यात बसणार. श्रेडरवर फिटर कोण ते सांग? आमचा कानिफनाथ! धाकटा भाऊ मोठ्या बहिणीचं मशीन चालवणार म्हणून गावभर सांगत सुटलाय.

तू नऊ नमुने काप. खालचे तीन, मधले तीन, वरचे तीन. मधले एकावर एक असे घे, म्हणजे मिश्रण बदलतं तशी ताकद कशी बदलते ते दिसंल. आणि तुटलेल्या जोड्या नेहमीसारख्या तारेने बांधून परत पाठव. तुमच्या प्रयोगशाळेची ती पद्धत मला आवडते. मेलेल्याचा देह घरी पोचवावा तसं वाटतं.

दुसरीकडे कुठे दिलं नाही, शोभे. तुझ्याकडेच दिलंय. कारण नंतर सांगते.

सुरेखा

---

अहिल्यानगर, २५ ऑगस्ट

प्रिय सुरेखा,

अहवाल सोबत आहे. थोडक्यात सांगते. खालचे तिन्ही नमुने ५६० मेगापास्कलच्या आसपास तुटले आणि तुटण्याआधी चांगले लांबले, मऊ पोलादासारखे. वरचे तिन्ही नऊशेच्या पुढे गेले, पण जवळजवळ न लांबता कडकन तुटले. तेही अपेक्षितच. मधले म-१ आणि म-२ सहाशे चाळीस आणि सहाशे पंचावन्न. म-३ ओढताना पकड सरकली, त्यामुळे तो आकडा धरलेला नाही. अहवालात तशी टीप आहे.

एकूण चांगलं आहे. खरंच चांगलं आहे.

मुलाखत वाचली. फोटो छान आलाय. उद्या हरतालिका, म्हणून आज घाईत लिहिते.

शोभा

---

भोसरी, ५ सप्टेंबर

शोभे, शोभे,

तुझा अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि त्यांनी उभ्या-उभ्या वाचला. ‘एकूण समाधानकारक’ ह्या तुझ्या दोन शब्दांसाठी मी आठ दिवस जेवले नव्हते. तू कुणाला फुकटचं समाधानकारक म्हणत नाहीस हे मला ठाऊक आहे. कॉलेजात दुसऱ्या वर्षी माझ्या जर्नलवर पेन्सिलीने ‘हे तुला स्वतःला पटतंय का?’ असं लिहून ठेवायचीस.

चारही हातोडे आता कारखान्यात जातील. बॉयलर पेटायच्या आधी, दसऱ्यानंतर, ४ ऑक्टोबरला श्रेडर रिकामा पूर्ण वेगाने फिरवून बघणार. ऊस नाही, नुसता वेग. कानिफनाथ म्हणतो, “आक्का, मी कडंला हुबा ऱ्हानार, आवाजावरनं कळतंय मला.” त्याला म्हटलं, लांब उभा राहा. ऐकतोय थोडाच.

एक विचारू? डब्यात आठच जोड्या आल्या. म-३ ची जोडी नाही. पकड सरकली म्हणालीस, मग नमुना तुटला तरी का? की तो अख्खाच आहे?

आणि मुलाखतीबद्दल फक्त फोटो छान?

सुरेखा

---

अहिल्यानगर, १२ सप्टेंबर

प्रिय सुरेखा,

म-३ चे तुकडे इथे आमच्याकडेच राहिले. शोधून पाठवते. इथे सध्या गर्दी आहे.

कानिफनाथला खरंच लांब उभं राहायला सांग. कुठलंही नवं यंत्र फिरवताना सांगतात तसं सांगते आहे.

शोभा

---

भोसरी, २२ सप्टेंबर, घटस्थापना

शोभे,

बारा तारखेच्या तुझ्या पत्रात चार ओळी आहेत आणि चारही तुझ्या नाहीत. तू ‘शोधून पाठवते’ असं म्हणणारी बाई नाहीस. तुझ्या खणात पंचवीस वर्षांपूर्वीच्या मेसच्या पावत्याही नंबरवार सापडतील.

रागावली आहेस का? मुलाखतीवरून? तसं असेल तर तसं लिही, भांडू. पण हातोडे काल बसले. त्याआधी काही सांगायचं राहिलं असेल तर आता सांग. माझा भाऊ तिथं हाय, शोभे.

सुरेखा

---

अहिल्यानगर, २५ सप्टेंबर

सुरेखा,

तुझं पत्र आज अकरा वाजता मिळालं. लगेच तुला तीनदा फोन केला, तू बैठकीत होतीस. मग संदेश पाठवला: ‘श्रेडर फिरवू नका, म-३ चा अहवाल चुकीचा आहे, चूक माझी.’ तू ‘बरं’ एवढंच लिहिलंस. आता हे पत्र आणि म-३ ची जोडी घेऊन सहादेव दुपारच्या एसटीने तुझ्याकडे निघतील. संदेशात मावणार नाही ते इथे लिहिते.

म-३ ओढताना पकड सरकली नव्हती. तो ३१० वर तुटला. शेजारच्या दोघांच्या निम्म्यावर. लांबला तर अजिबात नाही. खडूसारखा मोडला.

काय झालं ते क्रमाने सांगते. म-१, म-२ झाले, सरळ, सुरेख. प्रत्येक आकडा येत होता तसं माझं तोंड कडू होत होतं. मग म-३ लावला. आलेख निम्म्यावर येऊन टक् करून पडला, आणि सुरेखा, मला आनंद झाला. थोडा नाही. मी हसले. सहादेवांनी माझ्याकडे पाहिलं. पुरस्कार मिळालेल्या बाईंचा ठोकळा फुटला, असं मनात अगदी ह्याच शब्दांत आलं.

पुढच्या क्षणी त्याची इतकी लाज वाटली की मी स्वतःवर विश्वास ठेवणंच सोडलं. वाटलं, हा आकडा मला हवा होता म्हणूनच आलाय. मीच नमुना तिरका धरला असेल. मीच घाई केली असेल. मत्सर असलेल्या माणसाने केलेलं मोजमाप कसं खरं मानायचं? मी नोंदवहीत पेन्सिलीने ‘पकड सरकली’ लिहिलं. सोळा वर्षांत त्या वहीत पेन्सिल पहिल्यांदा लागली.

सहादेव म्हणाले, “सरकली न्हाई म्याडम. हे बघा, पकडीचं दात कसं सरळ उमटल्यात. सरकली असती तर वरखाडं पडलं असतं.” मी म्हटलं, राहू द्या. ते म्हणाले, “ऱ्हाऊ द्या तर ऱ्हाऊ द्या. पन मशीन काय कुनावर रुसत नसतंय.” जोडी तुझ्याकडे पाठवली असती तर तेच दातांचे ठसे तुलाही दिसले असते, म्हणून ती ठेवून घेतली. तुला न्याय द्यायचा म्हणून खोटं लिहिलं, असं महिनाभर स्वतःला सांगत होते. खरं तर मला माझ्याच नजरेत चांगलं दिसायचं होतं.

आता मुलाखत. तू म्हणालीस, मिरजगावच्या लोहाराच्या भात्याजवळ तुला ही कल्पना सुचली. वाल्मिकमामांच्या भात्याजवळ आपण दोघी होतो. शेवटच्या वर्षीचा प्रकल्प, उसाचा कोयता. लोखंडाच्या पट्टीला पोलादाची धार, आणि तो मोडतो नेहमी जोडावर. धारेपासून पाठीपर्यंत कठीणपणा मोजायचे बावीस ठसे मी घेतले, तू चुलीवर चहा करत होतीस. संध्याकाळी माझ्या वहीत मी लिहिलं होतं: ‘जोडच नसेल आणि पोलाद हळूहळू लोखंड होत गेलं तर?’ तू ते वाचून म्हणाली होतीस, “येडी हायस, असं कोण करून देनार?” ती वही माझ्याकडे आहे. मुलाखत वाचल्यावर काढून बघितली. तारीखही आहे.

नऊ महिने ह्याच कारणाने लिहिलं नाही. मी ती कल्पना वहीत ठेवली आणि नोकरी धरली. तू त्यामागे वीस वर्षं घातलीस. हे मला कळतं. कळूनही मत्सर गेला नाही.

हातोड्यांची तपासणी कर. मधल्या भागात बारीक भेगा असतील. कानिफनाथला तिथून हलव.

शोभा

---

भोसरी, १ ऑक्टोबर

शोभे,

श्रेडर थांबवला. तुझा संदेश आला तेव्हा मी बैठकीत नव्हते, जिन्यात बसले होते. ‘बरं’ टाकलं आणि आधी कानिफनाथला फोन केला. म्हटलं, “आजपासून तिकडं फिरकायचं न्हाई.” म्हणतो, “आक्का, मशीन तुझं, मालक मी न्हाई, सायबाला सांग.” मग साहेबांना सांगितलं.

हातोडे उतरवून मंगळवारी लाल रंगाची तपासणी केली. रंग लावायचा, पुसायचा, भेग असेल तिथे तो परत वर येतो. चारपैकी तीन हातोड्यांच्या मध्यावर केसाएवढ्या लाल रेघा आल्या. एकात सात. मी त्या मोजल्या आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धरलं. पूर्ण वेगाने त्यातला एक सुटला असता तर पत्रा फाडून गेला असता. आणि कडेला उभं राहून आवाज ऐकणारा कोण, ते तुला माहीत आहे.

आता माझी पाळी. मी ‘कारण नंतर सांगते’ म्हटलं होतं.

तुझ्याकडे आलेला ठोकळा सलग छापलेला नव्हता. म-३ च्या उंचीवर असताना भुकटी वाहून नेणाऱ्या वायूचा सिलिंडर संपला. मी तिथे नव्हते. पुरस्काराच्या लोकांसोबत फोटो काढायला गेले होते. मशीन दोन तास थांबलं, ठोकळा गार झाला, मग तिथूनच पुढे चालू केलं. आणि हातोडे तर रोजच थांबवून केलेत. आमच्याकडे एकच पाळी. संध्याकाळी सहाला मशीन बंद, सकाळी नऊला कालच्या थरावर आजचा थर. मऊ भागात त्याने काही बिघडत नाही. मिश्रणाच्या भागात बिघडतं का, ह्याची मला शंका होती. साहेबांना विचारलं असतं तर हंगाम हुकला असता. म्हणून तुला न सांगता तो ठोकळा पाठवला. सांगितलं असतं तर तू भिंग घेऊन तेच शोधत बसली असतीस. मला हवं होतं की न सांगताही कुणाला दिसतं का. आणि दिसलं तर ते तुलाच दिसणार. दुसरा कुणी म-३ बाजूला टाकून मोकळा झाला असता.

तूही टाकलास. अहवाल वाचून मी साहेबांसमोर हसले आणि घरी येऊन विचार केला, शोभा म्हणतेय म्हणजे नाहीच काही. माझी शंका मी तुझ्या सहीवर मिटवली. तू माझ्यावर जळून खरं लिहिलं असतंस तर बरं झालं असतं, गं. चांगुलपणाने जवळजवळ माझा भाऊ घेतलास.

मुलाखतीचं. पत्रकाराने तुझं नाव गाळलं असं मी सांगू शकले असते. त्याने गाळलं नाही, मी घेतलंच नाही. जिभेवर आलं होतं. घेतलं असतं तर मग माझं काय उरतं, असं वाटलं. चहा मी केला होता, हे खरंय. तुझ्या घरात सगळे मास्तर, जेवताना पुस्तकांबद्दल बोलायचे. मी तुमच्याकडे आले की पाणीसुद्धा दबकत प्यायचे. तुझं अक्षर, तुझा बावीस ठशांचा तक्ता बघून जे मला व्हायचं, ते तुला आता झालं. फक्त मला पंचवीस वर्षं आधी झालं.

इकडे काय झालं ते ऐक, राग येईल. साहेब म्हणाले, “वेळेत थांबवलंत, ह्यालाच जबाबदारी म्हणतात.” प्रकल्प माझ्याकडेच आहे. हातोडे पुढच्या हंगामाला, मशीन आता न थांबवता तिन्ही पाळ्यांत चालणार. नव्या अहवालात चाचणीखाली तुझं नाव घातलंय. कल्पनेखाली अजून घातलं नाही. हात चालत नाही. चालला की कळवीन.

सहादेवकाकांना थालीपीठ घालून परत पाठवलं. जाताना म्हणाले, “तुमी दोघी येका गावच्या का? न्हाई, भांडताय तसंच.”

नवा ठोकळा पाठवते. सलग छापलेला. ह्याही वेळी नऊ. तो फुटला तर हस, पण आकडा लिही.

सुरेखा

---

अहिल्यानगर, ९ ऑक्टोबर २०२५

सुरेखा,

ठोकळा आज मिळाला. नमुने सहादेवांनी कापून ठेवले आहेत. मधल्या तिघांना न-१, न-२, न-३ अशी नावं दिली आहेत, ‘न’ म्हणजे नवा.

इथलं सांगायचं तर मी मालकांकडे स्वतः गेले आणि वही उघडून पेन्सिलीची ओळ दाखवली. सुधारित अहवाल गेला आहे, तुला मिळाला असेल. दोन महिने अहवालांवर माझी सही चालणार नाही. माझ्या हाताखालची निकिता सही करील, मी फक्त मशीनवर असेन. तिने काल विचारलं, “मॅडम, असं का केलंत तुम्ही?” मी सांगितलं, एका मैत्रिणीवर फार जळत होते म्हणून. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. अहवालात वाईट आकडा लपवणारी बाई जळत कशी असेल, असं तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मी समजावून सांगितलं नाही.

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘चांगुलपणाने जवळजवळ माझा भाऊ घेतलास’ असं लिहिलंस. ते बरोबर आहे. कानिफनाथला माझा नमस्कार सांग. त्याला कारण सांगायचं की नाही ते तू ठरव.

‘वेळेत थांबवलंत’ हे वाचून परत मत्सर वाटला. माझी सही गेली आणि तुला शाबासकी मिळाली, हे मी एका ओळीत दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं, आता तिसऱ्यांदा लिहून ठेवते आणि खोडत नाही. हे जाईल असं वाटत नाही. निदान आता मला माहीत आहे की मशीनवर उभी राहताना ते माझ्या शेजारी उभं असतं, आणि त्याच्यावर मात करण्यासाठी मी आकड्याला हात लावायचा नाही.

वहीचं ते पान, वाल्मिकमामांच्या कोयत्याचं, सोबत पाठवते आहे. झेरॉक्स नाही, मूळ पान. पट्टी लावून फाडलं. बावीस ठशांचा तक्ता मागच्या बाजूला आहे. चहाचा डाग तुझा आहे, तक्त्याच्या उजव्या कोपऱ्यात. तुझं नाव आधी ठेवायचं की माझं, ते तूच बघ. हात चालेल तेव्हा.

पेन्सिल खणातून काढून सहादेवांना दिली. ते म्हणाले, “नातीला देतो, चित्रं काढंल.”

शोभा

उद्याचं काम: सकाळी मशीन तापलं की आधी न-३ ओढायचा, आणि आकडा दिसताक्षणी शाईने लिहायचा.